रात्री पावणेअकराची खरेदी

ताई,

मी भांडुपला राहतो. वय ४४. मूळ गाव कणकवलीच्या बाजूला. फोर्टला एका विमा कार्यालयात दाव्यांच्या विभागात काम करतो. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, हेच काम. घरी बायको आणि बारावीतली मुलगी.

गेल्या वर्षभरात मी फोनवरच्या, बहुतेक इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरच्या, जाहिराती बघून २७ वेळा खरेदी केली. बँकेचे मेसेज काढून यादी केली आहे. तारीख, वेळ, रक्कम, सगळं लिहून सोबत जोडतोय. एकूण ४१,८६० रुपये. मुलीच्या क्लासचा दुसरा हप्ता भरायला पतपेढीतून २०,००० उचलावे लागले, तेव्हा बायकोने विचारलं, पैसे गेले कुठे? मी गप्प. त्या रविवारी तिने माळ्यावरची अठरा खोकी खाली काढली आणि हॉलमध्ये रचून ठेवली. भांडली नाही. त्यातली निम्मी उघडलेलीही नव्हती.

एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. एप्रिलमध्ये हापूसच्या दोन पेट्यांचे ३,२०० रुपये आगाऊ भरले. पेट्या आल्याच नाहीत. आंब्याच्या मुलखातला माणूस आंब्यात फसला, हे कुठल्या तोंडाने सांगू?

मी अडाणी नाही. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा, असं मी लोकांना रोज सांगतो. मग रात्री मला काय होतं? इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकलं, दोनदा परत घेतलं, कारण गावच्या दशावताराचे व्हिडिओ तिथेच येतात आणि दिवसातला तो एकच तास माझा असतो. कायमचं काढूनच टाकू का? आणि मुलीच्या हातातही फोन आहे. तिला काय सांगू?

— एक वाचक, भांडुप

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि यादी चार वेळा. रकमेसोबत वेळही लिहिलीत, हे फार बरं केलंत, कारण मला जे कळलं ते त्या वेळांवरूनच कळलं. २७ पैकी २१ खरेदी एकतर संध्याकाळच्या परतीच्या लोकलमध्ये झाल्या आहेत, नाहीतर रात्री साडेदहा ते बाराच्या मध्ये. चार रविवारी दुपारी, जेवणानंतर. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत घेतलेल्या वस्तू दोनच: छत्री आणि मिक्सरचं भांडं. वापरात असलेल्या वस्तूंपुढे तुम्ही बरोबरची खूण केली आहे. या दोन्हींपुढे ती आहे. लोकलमध्ये आणि रात्री घेतलेल्या एकवीस वस्तूंपैकी फक्त तीनपुढे आहे.

म्हणजे दुपारी दीड वाजता खरेदी करणाऱ्या माणसाला नीट खरेदी करता येते. तो माणूस तुम्हीच आहात. तेव्हा स्वतःला मूर्ख ठरवण्यात वेळ घालवू नका.

मी तेरा वर्षं लोअर परळच्या एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहिला. नवीन वस्तू आली की पहिल्या बैठकीत वस्तूबद्दल फारसं बोलणंच होत नसे. ही जाहिरात कोण बघणार, तेव्हा तो कुठे असणार, थकलेला असणार की उत्साहात, त्याला कशाची काळजी असणार, यावर दोन-दोन दिवस जात. ते ठरलं की मजकूर अर्ध्या तासात व्हायचा. तेव्हा आम्हाला अंदाज बांधावा लागे, कारण होर्डिंग सगळ्यांना सारखंच दिसतं. फोनवर अंदाज बांधावा लागत नाही. जाहिरातदार इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कंपनीला एवढंच सांगतो की मला बघणारे नकोत, विकत घेणारे हवेत. मग तुम्ही स्क्रीन सरकवता त्या क्षणी त्या एका जागेसाठी जाहिरातींचा लिलाव होतो, आणि पैसे टाकण्याची शक्यता ज्याच्याकडून जास्त त्याच्यापुढे जाहिरात येते. एकदा विकत घेतलंत की घेणाऱ्यांत तुमची गणना होते. एखाद्या दुकानाच्या पानावर जाऊन काही न घेता परतलात, तरी ते पान बऱ्याचदा तशी खबर पाठवतं आणि तीच वस्तू आठवडाभर तुमच्या मागे फिरते. बरेच जण म्हणतात, फोन आपलं बोलणं ऐकतो. इतकं सगळं आपणच बोटाने सांगत असताना ऐकण्याची गरज उरत नाही.

त्यामुळे ‘मी अडाणी नाही, मग कसा फसलो’ या प्रश्नाचं उत्तर अकलेत शोधू नका, वेळेत शोधा. रात्री पावणेअकराला तुम्ही दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून, पाऊण तास स्लो लोकलमध्ये उभं राहून, जेवून, घर झोपल्यावर एकटे बसलेले असता. त्या माणसाला कुणीतरी त्याची विचारपूस करावी असं वाटत असतं. जाहिरात नेमकी तेव्हा येते आणि विचारपूस करते. पाठ दुखते का? मुलीची काळजी वाटते का? गाव आठवतं का?

मी तुमच्या यादीची चार भागांत वाटणी केली: मागे घाई लावणारा घड्याळाचा काटा होता म्हणून घेतलेल्या आठ वस्तू, काळजीपोटी घेतलेल्या नऊ, गावाच्या ओढीने घेतलेल्या सहा, आणि ‘सगळ्यांकडे आहे’ म्हणून घेतलेल्या चार. सगळ्यांबद्दल सारखंच लिहिणार नाही. मला सलतात त्या गावाच्या आणि काळजीच्या.

गावाच्या आधी. काजूगर, कोकम, मालवणी मसाला, लाकडी घाण्याचं तेल, कुळथाचं पीठ आणि तो हापूस. तुम्ही मसाल्याच्या जाहिरातीचं वर्णनही लिहिलंय: जांभ्या दगडाचं घर, सारवलेलं अंगण, नऊवारीतली म्हातारी आणि मालवणीत बोलणारा आवाज. अशा जाहिरातीत मसाल्याबद्दल काय सांगितलं होतं, हे आठवून बघा. मिरची कुठली, किती महिने टिकेल, कुठे कुटला, यातलं बहुतेक काहीच नसतं. तुमची बोली ऐकू आली आणि तुम्ही चौकशी करणं सोडून दिलंत. हे फार नैसर्गिक आहे. परक्या शहरात आपल्या भाषेत हाक आली की माणूस आधी वळून बघतो. मुंबईत आलेल्या कोकणी माणसाला दोन पिढ्या याच हाकेने सांभाळलं: गिरणगावातली खोली, गावकीचं मंडळ, शिमग्याची गाडी. म्हणून मला राग येतो तो ती हाक भाड्याने घेऊन वापरणाऱ्याचा. तुमच्या हळवेपणाचा मला मुळीच राग नाही, आणि तुम्हीही तो धरू नका.

पण हापूसच्या बाबतीत जी चौकशी करायची ती मात्र कोरडेपणाने करायला हवी. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी आहे. मानांकन आहे म्हणून पेटीवर ‘देवगड’ छापून त्यात परराज्यातला आंबा भरणं थांबलेलं नाही. ‘थेट बागेतून’ म्हणणाऱ्याला बाग कुठल्या गावात, बागायतदाराचं नाव काय, पेटी कुठल्या गाडीने येणार, हे विचारा. खऱ्या बागवाल्याला या प्रश्नांची सवय असते. तो उलट तुमचं गाव विचारतो आणि दोन मिनिटांत ओळख काढतो. आणि तुमच्या बाबतीत तर याहून सोपी वाट आहे. मे महिन्यात कणकवलीहून येणाऱ्या रातराणीत आणि लक्झरीत भांडुपच्या नावाच्या किती पेट्या असतात, ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. गावातल्या एका फोनवर जी पेटी येते, तिच्यासाठी अनोळखी क्रमांकावर आगाऊ पैसे पाठवायचं कारण नव्हतं. रात्रीच्या त्या तासाला मात्र ती जाहिरात हेच तुम्हाला गाव वाटलं.

त्या ३,२०० रुपयांचं काय करायचं तेही सांगते. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा असतो, कारण पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली आहे आणि रक्कम परत मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. तरीही केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर नोंद करा. यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, त्या पानाचं नाव, फोन नंबर आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट जोडा. तोच नंबर, तेच खातं घेऊन तो पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा येणार आहे. तक्रारींची संख्या वाढली तर ते खातं गोठवणं सोपं जातं.

आता काळजीच्या नऊ वस्तू. यात पाठीचा पट्टा आहे, रक्तदाब दाखवणारं घड्याळ आहे, पाण्याच्या नळाला लावायचं गाळणं आहे, स्मरणशक्तीचा कोर्स आहे. आणि उंची वाढवणारी पावडर आहे, मुलीसाठी.

या पावडरीवर मी थांबले. संस्थेत असताना मुलांच्या पेयाची एक जाहिरात मी लिहिली होती. त्यात मी एका आईच्या तोंडी असं वाक्य घातलं की ते ऐकून प्रत्येक आईला क्षणभर आपण कमी पडतोय असं वाटावं. वाक्य गाजलं, माझं कौतुक झालं. पुढे शेजारच्या एका बाईंनी महिन्याच्या दुधातून पैसे वाचवून तो डबा आणलेला मी पाहिला. ते वाक्य लिहिल्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला हे स्पष्ट सांगू शकते की पालकांच्या भीतीला हात घालणारी जाहिरात सगळ्यांत सोपी असते. भीती आधीपासून आईबापाच्या मनात असतेच. आम्ही फक्त तिच्यासमोर एक डबा ठेवायचो.

उंची वाढवणाऱ्या औषधाची जाहिरात करणं तर कायद्यातच अडकतं. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. कुठल्या तक्रारींवरच्या इलाजाची जाहिरात करायची नाही, याची यादी त्याला जोडलेली आहे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांच्यासोबत माणसाची उंचीही त्या यादीत आहे. म्हणून बरेच जण ‘औषध’ हा शब्द टाळून ‘पोषक पावडर’ म्हणतात आणि डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक ठळक छापतात. तो क्रमांक विक्रेत्याला अन्नपदार्थाचा धंदा करायची परवानगी आहे एवढंच सांगतो. पावडरने उंची वाढते, असं कोणी तपासून दिलेलं नसतं. आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या उंचीबद्दल खरंच काही शंका असेल, तर तो प्रश्न डॉक्टरांचा आहे. डबा न उघडता ठेवून द्या, कुणाला देऊही नका.

स्मरणशक्तीच्या कोर्सपुढे तुम्ही ९९ रुपये लिहिलेत, आणि खाली तीन महिने ४९९. ते तीन वेगळे खर्च नाहीत. ९९ भरताना तुम्ही यूपीआयवर दरमहा पैसे कापायची परवानगी देऊन बसलात. तुमच्या पेमेंट ॲपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो, तिथे ती परवानगी अजून जिवंत आहे का ते आजच बघा आणि रद्द करा. अशी रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्हाला तीनही महिने ती आली असणार, इतर पन्नास मेसेजांच्या गर्दीत.

काट्याच्या आठ वस्तू. ‘ही ऑफर १४ मिनिटांत संपेल’, ‘फक्त ३ शिल्लक’. याची ताकद कशात आहे हे अमेरिकेत स्टीफन वॉर्शेल आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एका साध्या प्रयोगात दाखवलं होतं. एकाच प्रकारची बिस्किटं, काहींना दहा असलेल्या बरणीतून दिली, काहींना दोनच असलेल्या बरणीतून. दोनवाल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंहवंसं वाटलं, जास्त किमतीचं वाटलं. बाकीची दुसऱ्यांनी मागून नेली असं कळलं तेव्हा तर आणखीच. चव मात्र त्यांना जास्त चांगली लागली नव्हती. तुमच्या माळ्यावरची न उघडलेली खोकी म्हणजे हाच प्रयोग आहे: हवं होतं, आवडलं नव्हतं.

पुढच्या वेळी काटा दिसला की तेच पान बायकोच्या फोनवर उघडा. तिच्याकडे तो पुन्हा १४ मिनिटांपासून सुरू झाला, तर विषय संपला. अशी खोटी घाई आता नियमबाह्य आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे पडद्यावरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे १३ प्रकार सांगितले आहेत. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, किंमत शेवटच्या पायरीवर वाढवणं, सदस्यत्वातून बाहेर पडूच न देणं, जाहिरात आहे हे लपवणं, हे सगळं त्यात आहे. आणि तुमच्या त्या नळाच्या गाळण्याचा प्रकारही. तुम्ही लिहिलंय की नकाराच्या बटणावर ‘नको, मला कुटुंबाच्या आरोग्याची पर्वा नाही’ असं होतं आणि ते दाबायला बोट होईना. हे लाजवून होकार काढणं आहे. ते बटण लिहिणाऱ्याने तुमच्या बापपणाचा वापर केला.

‘सगळ्यांकडे आहे’ वाल्या चार वस्तूंबद्दल थोडक्यात. रिव्ह्यूंचा आकडा बघून भुलू नका. एक-दोन तारे देणाऱ्यांचं आधी वाचा, आणि त्यातही फोटो टाकलेल्यांचं. एखादा ओळखीचा चेहरा वस्तूची तारीफ करत असेल तर पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली हे त्याने सांगायलाच हवं. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०२१ मध्ये आणि सरकारने जानेवारी २०२३ मध्ये तसं बजावलं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. पण रात्री पावणेअकराला दंडाच्या तरतुदी कुणाला वाचवत नाहीत, म्हणून कामाचं बोलू.

इन्स्टाग्राम काढू नका. दोनदा काढून दोनदा घेतलंत, याचा अर्थ तिथे तुम्हाला खरंच काहीतरी मिळतं. दशावतार बघा, तो तास तुमचाच राहू द्या. बदलायचं एवढंच की बघण्याची वेळ आणि पैसे देण्याची वेळ एक ठेवायची नाही. रात्री आवडलेली वस्तू वहीत लिहायची. फोनमध्ये नाही, कागदावर. वस्तूचं नाव, किंमत, आणि घरात ती कुठे ठेवणार ती जागा. तिसरा रकाना सोडू नका, भांडुपच्या घरात तोच सगळ्यांत कठीण आहे. विकत घ्यायची ती फक्त जेवणाच्या सुट्टीत, किमान दोन दिवसांनी. दीड वाजताच्या त्या माणसावर माझा विश्वास आहे; तुमच्याच यादीने तो मला दिला.

हे रोज मनोबलावर पेलणं शक्य नाही, म्हणून पैशाची वाट अरुंद करा. पगाराच्या खात्यावरून यूपीआय काढून घ्या. एक वेगळं खातं ठेवा, त्यात महिन्याला ठरवलेली रक्कम टाका, समजा दीड हजार, आणि फोन त्याच खात्याला जोडा. ॲपमध्ये साठवलेली कार्डं पुसून टाका. सोळा आकडे उठून कपाटातल्या पाकिटातून आणावे लागले की बरीच खरेदी तिथेच थांबते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाहिरात पसंतीचा भाग असतो, तिथे इतर संकेतस्थळांकडून आलेली माहिती जाहिरातींसाठी वापरायला नकार देता येतो. तो द्या. जाहिराती बंद होणार नाहीत, पण मागे लागणाऱ्या कमी होतील.

आणि घ्यायचंच ठरलं, तर आधी विक्रेत्याचा पत्ता बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी दाखवणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. वस्तू सदोष निघाली, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आली, तर परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. जिथे पत्ताच नाही, फक्त व्हॉट्सॲप नंबर आहे, तिथे हे सगळे नियम कागदावर राहतात. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची जाहिरात लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. पानाचं नाव टाकलं की त्याच्या चालू जाहिराती कधीपासून आहेत ते दिसतं. काल उगवलेलं पान ‘पन्नास वर्षांची परंपरा’ सांगत असेल तर ते तिथे कळतं.

न उघडलेल्या खोक्यांपैकी ज्यांची परतीची मुदत उरली आहे ती या आठवड्यात परत पाठवा. मुदत संपली, पण माल दाखवला त्यापेक्षा वेगळा निघाला, अशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यातून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो, विक्रेता दिल्लीचा असला तरी. दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तुम्ही स्वतः दाव्यांचं काम करता. कागद कसे लावायचे हे तुम्हाला शिकवायला नको.

एक आठवण सांगते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली, आणि आमच्या घरी आई त्यांच्या संघात होती. महिन्यातून एकदा यादी भरायची, सगळ्या घरांचं सामान एकत्र यायचं आणि बायका स्वतः ते वाटून घ्यायच्या. यादी भरताना आई डब्यांची झाकणं उघडून बघायची. किती डाळ उरली, किती लागेल. बाहेर टीव्हीवर काय चाललंय याचा त्या यादीशी संबंध नसायचा, कारण यादी स्वयंपाकघरात उभं राहून भरली जायची. वहीचा उपाय मला तिथून सुचला. तुमची वही महिन्यातून एकदा बायकोसोबत बसून बघा. ज्या वस्तूंची आठवणही राहिली नसेल त्या खोडा. निम्म्याहून जास्त खोडल्या जातील असं मला वाटतं.

मुलीला उपदेश करू नका. तिला ही यादी दाखवा, वेळांसकट. सतरा वर्षांच्या मुलीला बापाने आपली चूक आकड्यांत दाखवली, तर ती ऐकते. मग कधीतरी तिच्या फोनवरची एखादी जाहिरात दोघांनी मिळून बघा आणि तिलाच विचारा, ही आपल्याला काय वाटायला लावतेय? लाज, भीती, एकटेपणा? ती तुमच्याहून झटपट सांगेल. तिच्या वाट्याला येणाऱ्या जाहिराती त्वचेच्या, वजनाच्या, केसांच्या असतात, आणि त्या दिवसाला किती येतात हे ऐकायची तयारी ठेवा.

त्याआधी तिच्याशी एक बोलायचं आहे. तो पावडरीचा डबा तिने पाहिला आहे; खोकी हॉलमध्ये होती. आपल्या बापाला आपली उंची कमी वाटते, असं तिने त्यातून वाचलं असेल. तसं नाही, हे तिला तोंडाने सांगा. मी घाबरलो होतो, असं सांगा.

आणि बायकोला आंब्यांचं सांगा. रात्री नको, दिवसा जेवताना सांगा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत आश्वासक वाटलेली गोष्ट म्हणजे तिने ती खोकी फेकली नाहीत, भांडली नाही, तुम्हाला दिसतील अशी रचून ठेवली. त्या ढिगात दोन न आलेल्या पेट्या कमी आहेत. त्या तुम्ही ठेवा.

तुमची,
ताई